काळी खपली, स्वच्छ झीज

मुंबईच्या फोर्ट भागात गेलात तर राजाबाई टॉवरकडे जरा मान वर करून पाहा. 1878 मध्ये पूर्ण झालेल्या या मनोऱ्यात कुर्ल्याच्या दगडाबरोबर पोरबंदरचा मऊ चुनखडकही आहे. अशा चुनखडकावर आडोशाला, कोरीव पानाफुलांखाली, काळी खपली धरते. हवेतला गंधकाचा वायू ओलाव्यात मिसळून दगडाच्या पृष्ठभागाचं जिप्सम करतो आणि त्यात काजळी अडकते. पाऊस थेट झोडपतो तिथे दगड स्वच्छ दिसतो खरा, पण झीज अनेकदा तिथेच जास्त! नुसत्या रंगावरून निदान करणं धोक्याचं, ते यामुळे.

तज्ज्ञ दर्शनी भिंतीच्या नकाशावर खपली, भेगा, क्षार, शेवाळ दगडागणिक नोंदवतात. हलकेच ठोकून पाहतात. पोकळ आवाज आला, की पापुद्रा सुटलेला. काचेची नळी चिकटवून दगड किती पाणी पितो, तेही मोजतात.

माझ्या मते आधी सांधे तपासावेत. जुन्या चुन्याच्या जागी कुणी सिमेंट भरलं असेल, तर ओल आणि क्षार शेजारच्या मऊ दगडातून वाट काढतात आणि त्याचा भुगा होऊ लागतो. खारं वारं मदतीला आहेच.