हैबतबाबांची शिस्त आणि आपली वही

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात कराड येथे झालेले भाषण)





मी कीर्तनकार नाही. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली, सुभेदार होऊन घरी आलो आणि दुसऱ्याच वर्षी आपल्या दिंडीत उभा राहिलो. गेल्या वर्षी कमिटीनं मला सांगितलं, "सुभेदार, तुम्हाला नोंदी ठेवायची सवय आहे, शंभर वर्षांचा वृत्तान्त तुम्हीच लिहा." हातात बंदूक धरणाऱ्याला लेखणी धरायला लावली. मग मला आधार कोणाचा? तर आपल्याच जिल्ह्यातल्या एका शिपाईगड्याचा. त्यांचं नाव हैबतबाबा.

आपल्या भागात आरफळ म्हटलं की कालवा आठवतो. पण सातारा तालुक्यातलं आरफळ हे हैबतबाबांचं गाव. हैबतराव पवार ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या लष्करात सरदार होते. परंपरा असं सांगते, की चाकरी करून धन घेऊन गावी परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना गाठलं, लुटलं आणि गुहेत कोंडून ठेवलं. जवळ तलवार राहिली नाही, माणसं राहिली नाहीत. राहिला तो हरिपाठ. आत त्यांचं नामस्मरण चालू राहिलं. एकविसाव्या दिवशी भिल्लांच्या नायकाला मुलगा झाला. त्या आनंदात गुहेवरची शिळा निघाली, बाबा सुटले आणि घराकडं न जाता आळंदीला माउलींच्या पायाशी राहिले.

आपला जिल्हा फौजेचा. शेजारच्या अपशिंगे गावानं पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. त्यामुळं परत आलेला शिपाई म्हणजे काय, हे आपल्याला सांगावं लागत नाही. तो पहाटे उठतो, अंथरुणाची घडी घालतो, आणि मग दिवसभर काय करावं हे त्याला सुचत नाही. बाबांनी काय केलं ते बघा. अंगातली शिस्त त्यांनी टाकून दिली नाही, माउलींच्या सेवेला लावली.

त्याआधी तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली होती. देहूहून तुकोबांच्या पादुका निघायच्या, आळंदीला माउलींच्या पादुका घेतल्या जायच्या आणि एकाच पालखीतून दोघं पंढरीला जायचे. पुढं १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र केला. बेळगावकडच्या अंकलीचे शितोळे सरकार पाठीशी उभे राहिले. त्यांनी घोडे दिले, तंबू दिला, नैवेद्याची सेवा घेतली. आजही अंकलीहून माउलींचा अश्व चालत आळंदीला येतो. वासकरांसारखे फडकरी साथीला आले. आणि बाबांनी सोहळ्याला लष्करासारखी घडी घातली.

ती घडी आपण दरवर्षी अंगानं अनुभवतो. पहाटे पहिला कर्णा वाजला की तंबू आवरायचे. दुसऱ्या कर्ण्याला तयार होऊन उभं राहायचं. तिसऱ्याला माउली हलणार म्हणजे हलणारच, कोणासाठी थांबणार नाहीत. रथापुढं कुठली दिंडी, रथामागं कुठली, हे ठरलेलं. वाटेवर कोणते अभंग कोणत्या क्रमानं म्हणायचे, ते ठरलेलं. फौजेतला माणूस हे बघतो तेव्हा त्याला वाटतं, अरे, ही तर आपलीच पलटण!

पण बरं का मंडळी, फरक कुठं आहे ते मला समाजआरतीच्या वेळी कळलं. मुक्कामावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावून "होऽऽ" म्हणतात आणि हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवत राहते. तिचं ऐकल्याशिवाय आरती नाही.

एका वर्षी आपलेच टाळ थांबले नाहीत. वाटेत दुसरी एक दिंडी आपल्या जागेत घुसली होती. चोपदार आले, आपल्या विणेकऱ्यांनी सांगितलं, निवाडा झाला. मी वाट बघत होतो, आता शिक्षा काय होणार? त्या दिंडीतले म्हातारे बाबा आले आणि आपल्या विणेकऱ्यांच्या पाया पडले. आपले विणेकरी खाली वाकून त्यांच्या पाया पडले. झालं! फौजेत मी अनेकांना शिक्षा दिली. त्या रात्री मला झोप लागली नाही. हैबतबाबांनी लष्करातून शिस्त आणली. शिक्षा आणि हुद्दा मात्र तिकडंच ठेवून आले.

स्वतःचा हुद्दाही त्यांनी कुठं ठेवला? आळंदीला महाद्वाराच्या पहिल्या पायरीत. येणाऱ्या-जाणाऱ्या वारकऱ्यांची पायधूळ अंगावर पडावी म्हणून. कार्तिकी वारीची सुरुवात आजही त्या पायरीच्या पूजनानं होते.

आता आपल्या वहीकडं येतो. दिंडीच्या जुन्या वह्या मी चार घरांतून गोळा केल्या. एक वाळवीनं अर्धी खाल्लेली आहे. त्यात तांदूळ किती, डाळ किती, गूळ कोणी दिला, बैलगाडी कोणाची, सगळं आहे. पुरुष वारकऱ्यांची नावं आहेत. आणि खाली एका ओळीत लिहिलंय, "बायका १४." पुढच्या वर्षी, "बायका १७." नाव एकाही माउलीचं नाही. ज्यांनी तुळस वाहिली, हंडा वाहिला, मुक्कामावर पोचून दीडशे माणसांच्या भाकरी थापल्या, त्यांचा नुसता आकडा!

वाटेवर आपण एकमेकांच्या पाया पडतो, हुद्दा विसरतो. वहीत मात्र विसरलो नाही. हे मला लागलं. म्हणून सहा महिने मी घरोघर फिरलो. नव्वदीच्या आजींजवळ बसलो. त्यांनी बोटं मोजत सांगितलं, "माझी सासू, शेजारची जाऊ, वरच्या आळीची सुतारीण..." कोणाचं नाव आठवलं, कोणाचं नुसतं माहेरचं गाव. आतापर्यंत ६३ नावं मिळाली.

कमिटीपुढं मी दोन गोष्टी मागितल्या आणि दोन्ही मान्य झाल्या. ग्रंथात देणगीदारांच्या यादीआधी या माउलींची नावं येतील. आणि शेवटची चार पानं कोरी राहतील.

तेव्हा ग्रंथ घरी नेल्यावर देव्हाऱ्यात ठेवून नुसतं हळदकुंकू वाहू नका. आजीला विचारा, मावशीला विचारा, आणि मिळेल ते नाव स्वतःच्या हातानं त्या पानांवर लिहा. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. पुढच्या आषाढीला प्रीतिसंगमावर पादुकांना स्नान घालून आपण निघू, तेव्हा ती नावं मला आणून द्या. तिसऱ्या कर्ण्याच्या आत, एवढं लक्षात ठेवा.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!