कंपनी काढण्याआधी



सातारा-सांगलीच्या करसल्लागारांच्या परिषदेत अध्यक्षाने व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावे अशी रीत आहे. मी मात्र एकाच प्रश्नावर बोलणार आहे, कारण तो आता आपल्यापैकी प्रत्येकाच्या टेबलावर येतो. "साहेब, प्रायव्हेट लिमिटेड काढू का? सगळा खर्च कंपनीत टाकता येईल ना?" विचारणारा कधी कराडच्या घरातून बेंगळुरूच्या कंपनीचे काम करणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर असतो, कधी मिरजेत चार रुग्णालयांत जाणारा भूलतज्ज्ञ, तर कधी कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यांना डिझाइन करून देणारी एखादी ताई. वीस वर्षांपूर्वी यांतले बरेच जण पगारदार झाले असते. आज ते बिल लावतात आणि टीडीएस कापून उरलेले पैसे घेतात.

माझे उत्तर आधीच सांगतो. यांतल्या बहुतेकांनी केवळ कर वाचवण्यासाठी कंपनी काढू नये.

हा सल्ला येतो कुठून, ते पाहण्यासारखे आहे. पुष्कळदा तो लंडनहून, मावसभावाच्या फोनवरून येतो. ब्रिटनमध्ये एकट्याने कंत्राटी काम करणारे हजारो लोक स्वतःची लिमिटेड कंपनी काढतात, थोडा पगार घेतात आणि बाकीची रक्कम लाभांश म्हणून उचलतात. तिकडच्या सरकारनेही 2000 साली ‘आयआर 35’ हे नियम आणून ही वाट अरुंद केली. पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. आपल्याकडे 2020 च्या अर्थसंकल्पानंतर लाभांश घेणाऱ्याच्या हातात, त्याच्या स्लॅबप्रमाणे करपात्र झाला. कंपनीने आधी कर भरायचा, मग उरलेले घरी नेताना पुन्हा भरायचा. तिकडचे गणित इकडे बसत नाही.

आकडे मांडतो. नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासूनचा आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण सभागृहाच्या तोंडी जुने क्रमांक आहेत, म्हणून तेच वापरतो. दर घेतले आहेत 2025-26 च्या नव्या करप्रणालीचे. समजा, आपल्या कराडच्या इंजिनिअरला वर्षात 30 लाख मिळाले आणि प्रत्यक्ष खर्च 5 लाख झाला. 44एडीए या अंदाजे नफ्याच्या योजनेखाली निम्मी रक्कम, म्हणजे 15 लाख, उत्पन्न धरली तर सेससह कर येतो 1,09,200 रुपये. कीर्द-खतावणीची सक्ती नाही, ऑडिट नाही, आगाऊ कर 15 मार्चला एकाच हप्त्यात.

आता हाच माणूस कंपनी काढतो. 44एडीए व्यक्तीला आणि भागीदारी संस्थेला मिळते. कंपनीला नाही आणि एलएलपीलाही नाही. म्हणजे आता 25 लाखांचा खराखुरा नफा समोर आला. तो सगळा संचालकाचा पगार म्हणून घेतला, तर 75,000 ची प्रमाणित वजावट जाऊन त्याच्यावर कर येतो 3,19,800. शहाणपण करून पगार 12,75,000 ठेवला, तर पगारावर कर शून्य. पण कंपनीत उरलेल्या 12,25,000 वर 22 टक्के, अधिभार आणि सेस मिळून 25.168 टक्के, म्हणजे तीन लाख आठ हजारांवर कर. आणि ते पैसे अजून कंपनीतच आहेत! वर उलाढाल कितीही लहान असली तरी ऑडिट सक्तीचे, कंपनी निबंधकाकडचे (आरओसी) फॉर्म वेगळे. ज्याची वर्षाची जमा 24 लाख आहे, त्याचे 44एडीए खालचे उत्पन्न 12 लाख होते आणि नव्या प्रणालीत त्यावर कर शून्य येतो. अशा माणसाला कंपनी काढून देणारा सल्लागार त्याचे नुकसान करतो, हे मी जबाबदारीने म्हणतो.

आणखी एक बाब आपण अशिलाला पहिल्याच दिवशी सांगितली पाहिजे: कंपनीचे पैसे त्याचे नाहीत. मुलाच्या फीसाठी कंपनीच्या खात्यातून ‘हातउसने’ काढले, तर 2(22)(ई) खाली तो लाभांशच मानला जाऊ शकतो. पत्नीच्या नावे पगार दाखवला आणि त्या कामाचे तांत्रिक किंवा व्यावसायिक ज्ञान तिच्याकडे नसेल, तर ते उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. कंपनी जरूर काढावी, पण हाताखाली माणसे असतील तेव्हा, यंत्रसामग्रीत गुंतवणूक असेल तेव्हा, जबाबदारी मर्यादित ठेवायची खरी गरज असेल तेव्हा, जमा 44एडीएच्या 75 लाखांच्या मर्यादेपुढे गेली असेल तेव्हा. धंद्याला कंपनी हवी असेल तर करसल्लागाराने आडवे येऊ नये.

सवलत पुढे आणि धंदा मागे असे झाले की काय होते, ते चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांनी पाहिले आहे. नव्वदच्या दशकात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळे. चक्क्या उभ्या राहिल्या, ते चांगलेच झाले. पण सवलत यंत्र बसवण्याला होती, वीज निर्माण करण्याला नव्हती. अनेक गुंतवणूकदारांचे लक्ष वाऱ्यापेक्षा मार्चअखेरीकडे असे. अखेर डिसेंबर 2009 मध्ये सरकारला निर्माण झालेल्या युनिटवर प्रोत्साहन देण्याची वेगळी योजना आणावी लागली.

आता दुसरी बाजू, आणि ती मला अधिक जवळची आहे. आपल्या भागात खोटा खर्च दाखवणारे आहेत. पण खरा खर्च न मागणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. वाळवा, कराड, पलूसच्या ऊस वाहतूकदाराकडे पाहा. हंगामाआधी तो ऊसतोड टोळीच्या मुकादमाला लाखोंची उचल देतो. टोळी येत नाही, फोन बंद होतो, ट्रॅक्टरचा हप्ता मात्र सुरू राहतो. हा माणूस पोलीस ठाण्यात जातो, कारखान्यात जातो, आपल्याकडे मात्र रिटर्नच्या वेळी तो या उचलीबद्दल अवाक्षर काढत नाही. बुडाले ते बुडाले, असे धरून चालतो. वास्तविक धंद्याच्या ओघात झालेली अशी फसवणूक हा व्यापारी तोटा ठरू शकतो. बद्रीदास डागा खटल्यात, जिथे मुखत्यारानेच पैसे लाटले होते, सर्वोच्च न्यायालयाने 1958 सालीच हे तत्त्व मान्य केले आहे. मात्र त्यासाठी करारपत्र हवे, बँकेतून दिलेली रक्कम हवी, तक्रारीची प्रत हवी, वसुलीची आशा संपल्याचे दिसायला हवे आणि हिशेब नियमित हवेत. अंदाजे नफ्याच्या योजनेत रिटर्न भरणाऱ्याला हा तोटा वेगळा मागता येत नाही, हेही त्याला हंगामाआधी कळले पाहिजे. आणि खर्चापोटी एका दिवसात एका माणसाला 10,000 च्या वर रोख दिले, तर 40ए(3) खाली, नियमांतले थोडे अपवाद सोडता, तो खर्चच नामंजूर होतो. आपण हे त्याला मार्चमध्ये सांगतो. सांगायची वेळ ऑगस्ट-सप्टेंबरची, उचल हातातून जाण्याआधीची आहे.

खर्च मागताना आपली माणसे उगाच बिचकतात. 1961 चा आयकर कायदा होत असताना, धंद्यासाठी ‘आवश्यक’ असेल तोच खर्च मान्य करावा, अशी अट विधेयकात होती. लोकांनी विरोध केला, अट गेली. सर्वोच्च न्यायालयाने ससून डेव्हिड खटल्यात 1979 साली हा इतिहास नोंदवून सांगितले की, खर्च धंद्यासाठी केलेला असला म्हणजे पुरे, तो केल्यावाचून गत्यंतर नव्हते हे सिद्ध करावे लागत नाही. खासगी नको, भांडवली नको, संपूर्णपणे धंद्यासाठी हवा. एवढे जपले की इंटरनेटचे बिल, साइटवरचा प्रवास, संगणकावरचा 40 टक्के घसारा, हे सारे ताठ मानेने मागावे. मोटार घरीही वापरतात ना? मग धंद्यापुरता हिस्सा काढावा आणि तो कसा काढला ते लिहून ठेवावे. केंद्रीय महसूल मंडळाच्या 1955 च्या परिपत्रकाने तर अधिकाऱ्यांनाच बजावले आहे की, करदात्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊ नका, त्याला मिळू शकणारी सवलत त्याच्या नजरेस आणा. अधिकाऱ्याकडून जी अपेक्षा आहे, ती फी घेणाऱ्या आपल्याकडून कितीतरी जास्त असायला हवी.

म्हणून या परिषदेपुढे दोन सूचना ठेवतो. पहिली: कंपनी नोंदवण्याआधी प्रत्येक अशिलाला वर केली तशी तुलना, त्याच्या स्वतःच्या आकड्यांनिशी, लेखी द्यावी आणि एक प्रत आपल्या फाइलला ठेवावी. दुसरी: गाळप हंगामाआधी विटा, इस्लामपूर, कराड आणि जत इथे वाहतूकदारांसाठी एक दिवस विनामूल्य बसावे, आणि उचलीच्या कराराचा साधा मराठी नमुना त्यांच्या हाती द्यावा. त्या नमुन्याचा कच्चा मसुदा मी सोबत आणला आहे. दुपारच्या सत्रात तो वाचायला घेऊ. वाहतूकदार मंडळींनी तेवढा वेळ थांबावे, कारण मुकादमाशी प्रत्यक्ष काय बोलणे होते ते त्यांच्याइतके आपल्याला ठाऊक नाही.