कस्तूर आणि चिचुंद्री

श्रोतेहो, नालासोपाऱ्याच्या पूर्वेचा तुंगारेश्वराचा डोंगर तुम्हाला मी काय सांगावा! पावसाळ्यात ओढे वाहू लागले की झुंजुमुंजू व्हायच्या आत तिथे कस्तूर पक्षी शीळ घालू लागतो. अर्धी चाल विसरलेला एखादा पोरगा उंडारत निघावा, तशी ती शीळ. ती ऐकायला लोक झोपमोड करून येतात. जरूर या. डोंगराला २००३ मध्ये अभयारण्याचा दर्जाही मिळाला आहे.

पण तुमच्या ओट्याखालून भिंतीच्या कडेकडेने जी चिचुंद्री पळते, तिला दर्जा कोण देणार? तिच्या नशिबी झाडू.

गंमत बघा. नाव कस्तूर, पण अंगाला कस्तुरीचा वास नाही. तो उग्र वास चिचुंद्रीला; कुशीतल्या ग्रंथींतून येतो. म्हणून इंग्रजांनी तिला कस्तुरी-उंदीर म्हटलं आणि घोळ पक्का झाला. अहो, चिचुंद्री उंदीर नव्हे! उंदराचे दात कुरतडायचे. हिचे बारीक, टोकदार. झुरळं नि किडे फोडायचे. पोतं उंदराने फोडायचं आणि मार हिने खायचा. ऑस्ट्रेलियात अँटेकायनस म्हणून एक इवलासा प्राणी आहे, नात्याने कांगारूकडचा. तोही किडे खातो आणि उंदरासारखा दिसतो, म्हणून फसगत तिथेही होते.

माणसांतही कौतुक गाणाऱ्याचंच; आपली लोकलच घ्या. भजनाच्या डब्यातला गाणारा लक्षात राहतो. शेवटची गाडी गेल्यावर फलाट झाडणारी बाई कुणाला आठवते? आणि चिचुंद्रीची स्वतःचीही गाडी असते बरं का. बिळातून हलायचं झालं की पहिलं पिल्लू आईच्या शेपटीच्या बुडाशी दातांनी धरतं, दुसरं पहिल्याला, तिसरं दुसऱ्याला. पुढे आई मोटरमन, मागे डबे. आई वळली की अख्खी गाडी वळते.

वास येतो, मान्य. तिच्यापासून रोगही पसरू शकतो. हात लावू नका, अन्न झाकून ठेवा. पण कस्तूरसुद्धा ओढ्याकाठी किडे नि खेकडे खातो, आणि त्याला आपण... निर्मात्याबाई काचेपलीकडून हात दाखवताहेत. तर पुन्हा सांगतो: उंदीर नव्हे. लांब, हलतं नाकाड दिसलं की ओळखा. उंदीर पकडायचा गोंदाचा सापळा तेवढा आणू नका. आज रात्री ती दिसली, तर मोरीचं दार उघडं ठेवा आणि दिवा मालवा. भिंतीच्या कडेने तिची ती निघून जाईल.