कन्सोल डॉर्ममध्ये जातो तेव्हा

(मंडळाच्या उन्हाळी संमेलनात, कॉलेजला निघालेल्या मुलांच्या पालकांसमोर केलेलं भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे नुसतं ‘माहिती तंत्रज्ञान’ छापलंय, त्यामुळे काहीजण कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल ऐकायला आले असतील. त्यांची माफी मागतो, कारण मी आज खेळण्याबद्दल बोलणार आहे. येत्या दोन-तीन आठवड्यांत आपल्यातल्या बऱ्याच घरांतून गाड्या निघतील. डिकीत चादरी, छोटा कुकर, लाडवांचा डबा, आणि सगळ्यांच्या वर उशीत गुंडाळलेला प्लेस्टेशन, एक्सबॉक्स नाहीतर निन्टेंडो स्विच. मुलाला सोडून तुम्ही घरी पोचता न पोचता तोच फोन येतो, "बाबा, वाय-फायला लागतच नाहीये!"

मी एमएस करताना दोन वर्षं युनिव्हर्सिटीच्या हेल्पडेस्कवर काम केलं. ऑगस्टचा शेवटचा आठवडा म्हणजे आमचा गणपतीचा सीझन! लॅपटॉपच्या तक्रारी पाच मिनिटांत मिटायच्या. कन्सोलवाले मात्र हमखास वैतागून यायचे आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, "घरी तर मस्त चालत होता." खरंच चालत होता. बिघाड कन्सोलमध्ये नसतोच.

घरचं वाय-फाय म्हणजे पायपुसण्याखाली ठेवलेली किल्ली. एकच पासवर्ड, तो ज्याला माहीत तो आत. कॅम्पसचं वाय-फाय म्हणजे गेटवर वॉचमन असलेली सोसायटी. तो प्रत्येकाला विचारतो, "आपण कोण?" तुमच्या मुलाचा लॅपटॉप युनिव्हर्सिटीने दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड सांगतो, वॉचमन आतल्या यादीत बघतो आणि सोडतो. या विचारपूस करण्याच्या पद्धतीला ८०२.१एक्स म्हणतात, आणि सेटिंगमध्ये ती ‘डब्ल्यूपीए२ एंटरप्राइझ’ अशा नावाने दिसते. पुष्कळ कॅम्पसवर ‘एड्युरोम’ नावाचं वाय-फाय दिसतं, तेही यावरच चालतं. युरोपात सुरू झालेली ही सोय आज शंभराहून जास्त देशांत आहे, भारतात ती अर्नेट इंडिया चालवते.

आता गंमत अशी, की या तिन्ही कन्सोलना फक्त पासवर्ड सांगता येतो. युजरनेम लिहायला त्यांच्या पडद्यावर जागाच नाही. वॉचमन नाव विचारतो आणि आपला पाहुणा मुका! कंपन्यांनी ही सोय का केली नाही? माझा अंदाज एवढाच, की हे यंत्र दिवाणखान्यासाठी बनवलंय, वसतिगृहासाठी नाही.

पूर्वी इतका कडक पहारा नव्हता बरं का. २००१ साली पहिला एक्सबॉक्स आला, त्याला नेटवर्कची केबल लावायची जागा होती. चार एक्सबॉक्स केबलने जोडून सोळा पोरं ‘हेलो’ खेळायची. इंटरनेटचे पत्तेही मुबलक होते. एकट्या एमआयटीकडे १८ आकड्याने सुरू होणारे सगळे, म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर पत्ते होते (त्यातले जवळजवळ निम्मे त्यांनी २०१७ मध्ये विकायला काढले). मग ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म पसरला, नेमका मुलं सुट्टीहून परतायच्या वेळेला. घरून आलेल्या संगणकांबरोबर तो थेट वसतिगृहांत शिरला. त्यानंतर बऱ्याच युनिव्हर्सिट्यांनी ठरवलं, की नोंद केल्याशिवाय कोणतंही यंत्र आत घ्यायचं नाही.

म्हणून उपाय नोंदीचाच. प्रत्येक यंत्राला बारा आकडी-अक्षरी मॅक अॅड्रेस असतो, गाडीच्या नंबरप्लेटसारखा. मुलाने आपल्या युनिव्हर्सिटीच्या आयटी खात्याच्या पानावर लॉग-इन करून तो लिहायचा, म्हणजे वॉचमनच्या वहीत आधीच लिहून ठेवायचं, "अमुक नंबरची गाडी माझ्याकडे येणार आहे." प्लेस्टेशन ५ वर तो सिस्टिमच्या सेटिंगमध्ये कन्सोलच्या माहितीत मिळतो, एक्सबॉक्सवर नेटवर्कच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये, आणि स्विचवर इंटरनेटच्या सेटिंगमध्ये. एक ध्यानात ठेवा, केबलचा नंबर वेगळा आणि वाय-फायचा वेगळा. मुलं एक लिहितात आणि दुसरा वापरतात. हेल्पडेस्कवरच्या माझ्या निम्म्या केसेस याच होत्या! तेव्हा निघण्याआधी घरीच दोन्ही नंबर कागदावर उतरवून घ्या.

नंबरप्लेट खोटी लावता येते हे वॉचमनलाही माहीत असतं. म्हणून अशा यंत्रांना सहसा वेगळ्या नेटवर्कवर ठेवतात, पाहुण्यांचं पार्किंग म्हणा. त्यामुळे मुलाच्या फोनला शेजारी ठेवलेला कन्सोल दिसला नाही, तर घाबरायचं कारण नाही.

खोलीच्या भिंतीत चालू केबलपोर्ट असेल तर सरळ केबल लावावी. शेकडो मुलांच्या गर्दीतलं वाय-फाय आणि केबल यांत केबलच बरी. मात्र काही नव्या इमारतींत पोर्ट नसतातच, आधी विचारून घ्या. मूळच्या स्विचच्या डॉकला केबलची जागा नाही, तिथे अॅडाप्टर लागतो. २०२१ च्या ओएलईडी स्विचच्या डॉकला ती आहे.

जोडणी झाली तरी कधीकधी गेम सुरू होतो पण मित्राचा आवाज येत नाही. कन्सोल सांगतो, ‘नॅट स्ट्रिक्ट’ किंवा ‘टाइप ३’. म्हणजे तुम्ही ज्याला पत्र पाठवलंत त्याचं उत्तर आत येतं, पण अनोळखी माणसाचं पत्र गेटवरूनच परत. घरचा राउटर कन्सोलच्या विनंतीवरून दार किलकिलं करतो, कॅम्पसचा करत नाही. हे मुलाच्या हातात नाही. काही युनिव्हर्सिट्यांनी नोंदवलेल्या कन्सोलसाठी सवलत ठेवलेली असते, तेव्हा आयटी खात्याला नेमका हाच शब्द सांगून विचारायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरचा जुना राउटर सामानात टाकू नका! आपल्याकडे प्रत्येक काकांचा हाच सल्ला असतो, "राउटर लाव रे, काम फत्ते." मी हेल्पडेस्कवर असताना एका वसतिगृहाच्या अख्ख्या मजल्याचं इंटरनेट गेलं, तेही परीक्षेच्या आठवड्यात. एका मुलाने राउटर आणला होता आणि भिंतीतली केबल चुकीच्या भोकात, म्हणजे घरच्या यंत्रांसाठी असलेल्या पोर्टमध्ये खुपसली होती. तो बिचारा राउटर इमानेइतबारे आपलं काम करत होता, शेजारच्या संगणकांनी पत्ता मागितला की १९२.१६८ वाला स्वतःचा पत्ता वाटत होता. तो पत्ता कुठेच पोचत नव्हता. कोणाचा प्रोजेक्ट अडकला, कोणाची ऑनलाइन परीक्षा. आम्ही तो पोर्ट शोधून बंद केला आणि मुलाला शिस्तपालन कार्यालयात जावं लागलं. त्याला खेळायचंही नव्हतं हो, फक्त कन्सोलवर सिनेमा बघायचा होता.

दुसरी जोखीम याहून गुपचूप आहे. नोंदवलेल्या यंत्रातून जे काही जाईल-येईल ते नोंदवणाऱ्याच्या नावावर. रूममेटचा कन्सोल, मित्राचा लॅपटॉप "फक्त दोन दिवसांसाठी" आपल्या नावावर घेणं म्हणजे जामीन राहणं. त्या लॅपटॉपवरून कोणी चोरीचा सिनेमा उतरवला, की कॉपीराइटची नोटीस तुमच्या मुलाला. २००८ च्या उच्च शिक्षण कायद्यापासून इथल्या कॉलेजांना याबाबत योजना ठेवावीच लागते, ती दुर्लक्ष करत नाहीत. इथे मागे बसलेली, भारतातून नुकतीच आलेली एफ-१ वाली मंडळी आहेत, त्यांनी तर मैत्रीखातरसुद्धा हे करू नये.

आणि हो, गेम घरीच उतरवून न्या. आजचे काही गेम शंभर जीबीच्या पुढचे आहेत. वीस एमबीपीएसचा वेग मिळाला तर शंभर जीबीला अकरा तास लागतात, आणि पहिल्या आठवड्यात तेवढाही मिळेल याची खात्री नाही.

तुमच्यापैकी कोणाच्या तरी मनात असेलच, की शिकायला चाललाय ना, मग हवंच कशाला हे खेळणं? मी पुण्यात शिकलो तेव्हा संध्याकाळी कॉलेजच्या कट्ट्यावर जायचो. इथल्या आपल्या मुलांचे शाळेपासूनचे चार मित्र आता चार राज्यांत जाणार. अनोळखी खोली, रूममेटशी अजून सूर जुळलेला नाही, आणि रविवारी रात्री हेडफोनमध्ये ते चार ओळखीचे आवाज. त्यांचा कट्टा तोच आहे. पहिल्या सहामाहीत मी हेल्पडेस्कवर पाहिलेली काही मुलं कन्सोल बंद म्हणून चिडलेली नव्हती, रडवेली झाली होती. रात्री दोनपर्यंत खेळतील ही भीती खरी आहे, पण त्याचं औषध वाय-फाय तोडण्यात नाही. तेवढा वेळ त्यांना ठरवू द्या.

शेवटचं एक. फोन मुलानेच करायचा, आपण नाही. फी आपण भरत असलो तरी १९७४ च्या ‘फर्पा’ कायद्याने कॉलेजात गेल्यावर नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याकडे जातो, आणि त्याच्या खात्याबद्दल आई-वडिलांशी बोलायला हेल्पडेस्क सहसा तयार नसतो. आमच्याकडे एखाद्या काकूंचा फोन आला की आम्ही सगळं ऐकून घ्यायचो आणि मग नम्रपणे विचारायचो, "चिरंजीव शेजारी आहेत का? त्यांना द्या जरा."