खाऱ्या वाऱ्यातली विमानं

गेल्या वेळी आम्ही सांगितलं होतं की मंडळाची सहल गोव्याला जाणार आहे. जाऊन आलो. देवळं पाहिली, समुद्र पाहिला, काजूगर घेतले. पण आज बोलायचं आहे ते एका वेगळ्याच ठिकाणाबद्दल.

दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. १९९८ साली ते सुरू झालं. आपल्या देशात लष्करी विमानांची अशी संग्रहालयं फारच थोडी. दिल्लीत पालमला हवाई दलाचं आहे आणि आपल्या बाजूला हे. तिथे जायचा हट्ट आमच्या एका काकींचा होता. त्यांचे वडील विक्रांत या विमानवाहू जहाजावर होते. वैमानिक नव्हेत, विमानांची देखभाल करणाऱ्या तुकडीत.

आवारात शिरलो तर विमानं उघड्यावरच उभी. सगळ्यात मोठं सुपर कॉन्स्टेलेशन. चार पंखे आणि मागे एक नाही, तीन शेपट्या! ही जात मूळची एअर इंडियाची. त्यांच्या नावांत 'रानी' असायचं. पुढे ती हवाई दलाकडे गेली आणि १९७६ साली नौदलाकडे. ज्या विमानांतून प्रवासी परदेशी जायचे, तीच मग समुद्रावर पहारा द्यायला लागली. त्याशिवाय पाणबुड्या शोधणारं अलिझे आहे. त्यात तिघं बसायचे आणि पोटाखालून रडारचा घुमट खाली यायचा. जागच्या जागी उतरणारं सी हॅरियर आहे. ही विमानं २०१६ साली याच दाबोळीच्या तळावरून निवृत्त झाली.

काकी मात्र थांबल्या त्या सी हॉकपाशी. एकाच माणसाचं, छोटंसं जेट. जहाजावर जागा कमी, म्हणून त्याचे पंख वर दुमडतात. ४ डिसेंबर १९७१ ला विक्रांतवरून उडालेल्या सी हॉकनी कॉक्स बाजारवर हल्ला केला होता. काकी एकदम म्हणाल्या, "असलीच इमानां माझो बापूस धुवायचो गो!"

आम्हाला हसू आलं. विमान काय धुवायचं? तेव्हा काकींनी वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. जहाजावरच्या विमानावर सतत खारा वारा आणि तुषार. म्हणून ते गोड्या पाण्यानं धुवायचं, पुसायचं, सांधे तपासायचे. एक दिवस आळस केला तर मीठ कामाला लागतं.

मैत्रिणींनो, हे आपल्याला कळायला कठीण नाही. कैरीचं लोणचं आपण अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात भरतो का? नाही. मीठ भांडं खातं, बारीक भोकं पडतात. विमानाचा पत्राही बहुतेक अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचाच. त्यात जिथे पोलादी बोल्ट अ‍ॅल्युमिनियमला टेकतो आणि खारं पाणी साचतं, तिथे पत्रा लवकर खाल्ला जातो. सुरुवात रंगाच्या आत, सांध्यात होते. वरून दिसतो फक्त एक फोड.

आता विचार करा, ही विमानं उडत नाहीत, पण समुद्र जवळच आहे आणि पाऊस कोकणातला. पाणी निघायची भोकं मोकळी ठेवायची, पक्ष्यांची घरटी काढायची, रंग पुन्हा द्यायचा. हे एकदा करून संपत नाही. आपल्या घरकामासारखंच. केलं तर दिसत नाही, नाही केलं तर लगेच दिसतं.

आणि हात थांबले की काय होतं तेही आपण पाहिलंय. विक्रांत १९९७ साली निवृत्त झाली. मुंबईत तिचं संग्रहालय झालं होतं. काकींनी ते पाहिलं होतं, नातीला दाखवायचं होतं. २०१२ मध्ये ते सुरक्षिततेसाठी बंद झालं आणि २०१४ मध्ये जहाज मोडायला घेतलं. आता नातीला दाखवायला हे सी हॉकच उरलं होतं.

इमारतीच्या आत दालनं आहेत. इंजिनं, शस्त्रं, जुने फोटो. काकी प्रत्येक फोटोसमोर चष्मा पुसून उभ्या राहत होत्या. मग त्यांनी पिशवीतून स्वतःजवळचा एक फोटो काढला. सी हॉकपुढे सहा तरुण, अर्ध्या चड्डीत, हसणारे. नातीनं विचारलं, "आजी, यातले पणजोबा कुठचे?" काकींनी बोट ठेवलं. "आणि बाकीचे?"

काकी गप्प झाल्या. मागे नावं लिहिलेली नव्हती. वडिलांची ट्रंक माळ्यावर राहिली, कागद वाळवीनं खाल्ले. एवढा एक फोटो वाचला, पण त्यातली पाच माणसं हरवली.

परतीच्या गाडीत आम्ही बराच वेळ बोललो. विमान कुठल्या जातीचं, कुणी उडवलं, हे संग्रहालयात कळतं. पण रोज पहाटे ते कुणी धुतलं, हे कुठे लिहिलेलं असणार? ते आपल्या घरातल्या ट्रंकांत आहे. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतून माणसं नौदलात, सैन्यात, बोटीवर गेली. त्यांची देखभाल-वही, बदलीचे कागद, पत्रं आपल्याच माळ्यावर आहेत.

तेव्हा एक काम करू या. फोटो खाली काढा. घरात कुणी जाणतं माणूस असेल तोवर विचारा आणि मागे मऊ पेन्सिलीनं नावं, गाव, साल लिहा. बॉलपेन नको, दाबून लिहू नका. चिकटपट्टी लावू नका. कोरड्या डब्यात ठेवा आणि पावसाळा सरला की सावलीत हवा द्या, उन्हात नको. आजोबांचं बोलणं मोबाइलवर भरून घ्या.

आणि गोव्याला गेलात तर वेळेची चौकशी करून या संग्रहालयात जरूर जा. पोरींना न्या. काकी पुढच्या महिन्यात वडिलांच्या जुन्या सोबत्यांपैकी कुणी सापडतं का ते बघायला शेजारच्या गावी जाणार आहेत. फोटो बरोबर नेणार आहेत, आणि पेन्सिलही. आम्हीही दोघी-तिघी बरोबर जाऊ. काय कळलं ते पुढच्या वेळी सांगूच. नमस्कार.