चिठ्ठी हाती येण्याआधी

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. रेल्वेत रुळांची देखभाल करणारा डिप्लोमा इंजिनिअर आहे. बाप्पांसमोर आत्महत्येचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशात दर लाख लोकांमागे १२.४ आत्महत्या झाल्या आणि आपल्या छत्तीसगडात २८.२. दुपटीहून जास्त! म्हणून बोलतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका सहकाऱ्याने जीव दिला. मागे चिठ्ठी होती. आम्हाला वाटले, आता कारण कळेल. चिठ्ठीत काय होते? स्कूटरचे कागद कपाटात आहेत, गॅसचा नंबर लावला आहे, सोसायटीचे एवढे देणे आहे, कोणाला दोष देऊ नये. बस्स. ती पंचनाम्यात गेली. मी मात्र त्या गॅसच्या ओळीपाशी बरेच दिवस अडकलो.

पुढे वाचनात आले की अशा चिठ्ठ्यांचा अभ्यास झालेला आहे. १९४९ साली लॉस एंजेलिस येथे एडविन श्नाइडमन या मानसशास्त्रज्ञांना सरकारी दप्तरात अशा शेकडो चिठ्ठ्या सापडल्या. त्यांनी आणि नॉर्मन फार्बेरो यांनी ३३ खऱ्या चिठ्ठ्या निवडल्या आणि तशाच वयाच्या, तशाच थरातील ३३ माणसांकडून कल्पनेने चिठ्ठ्या लिहवून घेतल्या. मग दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. खऱ्या चिठ्ठ्यांत माणसांची नावे, वस्तू, घरातल्या सूचना जास्त निघाल्या. म्हणजे माझ्या मित्राची चिठ्ठी जगावेगळी नव्हती. श्नाइडमन म्हणत, अशा माणसाला मरण हवे असते त्यापेक्षा असह्य वेदना थांबायला हवी असते. त्याची नजर इतकी आखडते की दुसरी वाटच दिसत नाही. एकाच चिठ्ठीत माया असते आणि रागही. म्हणजे मन शेवटपर्यंत दोन्हीकडे ओढत असते, आणि तिथेच आपल्याला हात घालायला जागा आहे.

पण बहुतेक जण चिठ्ठी लिहीतच नाहीत. मग वाचायचे काय?

आपल्या भिलाईत बनलेला रूळ वरून चकचकीत दिसतो. आतली भेग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आम्ही अल्ट्रासोनिक यंत्र फिरवतो. रूळ तुटल्यावर अहवाल लिहावा लागतोच. पण आम्हाला पगार मिळतो तो आधी भेग शोधण्याचा.

माझ्या मित्राने जाण्याआधी महिनाभर माझे ड्रिल मशीन परत आणून दिले होते. दोन वर्षांनी! म्हणाला, "भाऊ, कोणाचं काही राहायला नको." मी म्हटले, "काय रे, बदली आली का?" तो हसला, मीही हसलो. चिठ्ठीतले वाक्य तो मला तोंडी सांगून गेला होता.

असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, हा गैरसमज आहे. उलट मोकळे वाटते, असे तज्ज्ञ सांगतात. आपल्यातील पुष्कळांचे मूळ विदर्भात आहे. तिथे अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी लोकांची विचारपूस केली, गरज पडल्यास डॉक्टरांकडे पोचवले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे काही मोठ्या इस्पितळाचे काम नव्हते.

घरात कोणी प्रयत्न केला तर पोलिसांच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तो माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते. त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे असतात. 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत.

सचिवांना सांगून तो क्रमांक मंडपाच्या फलकावर, आरतीच्या वेळांखाली लिहवून घेतला आहे. प्रसाद वाटेपर्यंत मी मागच्या खुर्च्यांवर बसलेला असेन. कोणाला काही बोलायचे असेल तर यावे.