एका सामुद्रधुनीसाठी किती विषय लागतात?



जानेवारी ते एप्रिल हा नाशिकच्या द्राक्षांचा युरोपला जाण्याचा हंगाम. निफाड, दिंडोरीच्या पॅकहाउसमध्ये घड निवडले जातात, खराब मणी कात्रीने काढून टाकले जातात, पेटीत बुरशी रोखणारा ग्रेप गार्डचा कागद पडतो, प्रीकूलिंग होते आणि रीफर कंटेनर न्हावा शेव्याला रवाना होतो. आतले तापमान शून्य अंशाच्या आसपास ठेवायचे आणि माल ताजा असतानाच रॉटरडॅमच्या धक्क्यावर उतरवायचा, असा हा हिशेब. २०२४च्या हंगामात तो कोलमडला. नोव्हेंबर २०२३मध्ये तुर्कस्तानहून गुजरातच्या पिपावाव बंदराकडे निघालेले ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज येमेनच्या हुती बंडखोरांनी लाल समुद्रात ताब्यात घेतले. पाठोपाठ व्यापारी जहाजांवर क्षेपणास्त्रे आणि ड्रोन येऊ लागले. बड्या जहाज कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडला आणि आफ्रिकेला वळसा घातला. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडे वाढले, विम्याचा हप्ता वाढला.

निफाडच्या बागाईतदाराला या उलथापालथीचे कारण कोणी समजावून सांगायचे? अर्थशास्त्राचा पदवीधर भाड्याचे आकडे सांगेल. राज्यशास्त्राचा पदवीधर इराण, सौदी अरेबिया आणि इस्राएल यांच्या वैराविषयी बोलेल. दोघांचेही खरे असेल आणि दोघांचेही अपुरे. प्रादेशिक आणि आंतरराष्ट्रीय घडामोडींचा जो आंतरविद्याशाखीय एम.ए. अभ्यासक्रम जगभरच्या विद्यापीठांत चालतो, त्याची गरज इथे सुरू होते.

आधी भूगोल. लाल समुद्र आणि एडनचे आखात यांना जोडणारी बाब-अल-मंदेब ही सामुद्रधुनी अरुंद भागात जेमतेम ३० किलोमीटरची. पूर्वेला येमेन, पश्चिमेला जिबूती आणि इरिट्रिया. १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि या चिंचोळ्या वाटेचे मोल एकदम वाढले. तिच्या काठावर ज्याची तोफ, त्याची आशिया-युरोप व्यापारावर नजर.

मग इतिहास, आणि इथे मुंबईचा थेट संबंध येतो. ईस्ट इंडिया कंपनीने १८३९मध्ये येमेनच्या किनाऱ्यावरचे एडन बंदर घेतले ते मुंबईहून पाठवलेल्या फौजेच्या बळावर. त्यानंतर जवळजवळ शतकभर एडनचा कारभार मुंबई इलाख्याखाली चालला. १९३७मध्ये ते हिंदुस्थानच्या प्रशासनातून वेगळे होऊन स्वतंत्र वसाहत बनले. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना इंग्रजांनी ठेवले ते एडनच्याच तुरुंगात. तिथून ते निसटले, पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. शाळेच्या पुस्तकात एडन एवढ्यापुरतेच येते. त्या बंदराभोवतीचा देश कसा होता, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही.

त्या देशाच्या उत्तरेत शियांमधल्या झैदी पंथाच्या इमामांची सत्ता होती. सप्टेंबर १९६२मध्ये लष्कराने ती उलथवली आणि यादवी पेटली. प्रजासत्ताकाच्या बाजूने इजिप्तचे हजारो सैनिक उतरले, राजेशाहीच्या मागे सौदी अरेबिया उभा राहिला. दक्षिणेतून ब्रिटिश १९६७मध्ये बाहेर पडले आणि तिथे मार्क्सवादी राजवट आली. मे १९९०मध्ये दोन्ही येमेन एक झाले. पण उत्तरेतल्या सादा भागातल्या झैदींना आपण दुर्लक्षित आहोत असे वाटत राहिले आणि त्या असंतोषातून १९९०च्या दशकात हुती चळवळ उभी राहिली. चळवळीचा म्होरक्या हुसेन अल-हुती २००४मध्ये मारला गेला. २०१४मध्ये त्याच्या अनुयायांनी राजधानी साना घेतली. मार्च २०१५मध्ये सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीचे हवाई हल्ले सुरू झाले. त्या धुमश्चक्रीत भारताने ‘ऑपरेशन राहत’ राबवून चार हजारांहून अधिक भारतीयांना आणि अनेक देशांच्या नागरिकांना बाहेर काढले. हे सगळे ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला ‘हुती म्हणजे इराणचे हस्तक’ हे एका ओळीचे उत्तर पुरत नाही. इराणची मदत खरी आहे. पण सादाच्या डोंगरातली तक्रार त्या मदतीच्या कितीतरी आधीची आहे.

याला कायद्याची बाजूही आहे. १९८२च्या सागरी कायदा करारानुसार आंतरराष्ट्रीय सामुद्रधुनीतून जाण्याचा हक्क सर्व देशांच्या जहाजांना आहे. परंतु तो मोडणारा गट मान्यताप्राप्त सरकारच नसेल, तर जबाबदार कोणाला धरायचे? शिवाय येमेनमध्ये पाण्याचे दुर्भिक्ष आहे, सानाचा भूजलसाठा खाली खाली चालला आहे आणि त्यातले बरेच पाणी चघळायच्या ‘खात’च्या पिकावर जाते. उसाच्या पाण्यावरून होणारे वाद पाहिलेल्या मराठी विद्यार्थ्याला हा मुद्दा चटकन समजतो. म्हणजे एका सामुद्रधुनीसाठी भूगोल, इतिहास, धर्म, राजकारण, कायदा, अर्थकारण आणि जलविज्ञान असे सात विषय झाले. भाषा अजून बाकीच आहे.

हे विषय एकत्र शिकवण्याची कल्पना युद्धांच्या धक्क्यांतून आली. पहिल्या महायुद्धातून परतलेले डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या दोन बहिणी यांच्या देणगीतून वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथ येथे १९१९मध्ये आंतरराष्ट्रीय राजकारणाचे जगातले पहिले अध्यासन स्थापन झाले. असा संहार पुन्हा होऊ नये म्हणून राष्ट्रांमधल्या संबंधांचा पद्धतशीर अभ्यास व्हावा, ही त्यामागची तळमळ. १९२७मध्ये राष्ट्रसंघाच्या शेजारी जिनिव्हात पदव्युत्तर संस्था निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने प्रदेशांच्या अभ्यासावर भर दिला. कोलंबिया विद्यापीठात १९४६मध्ये रशियन इन्स्टिट्यूट सुरू झाले. ऑक्टोबर १९५७मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकी संसदेने पुढच्याच वर्षी कायदा करून परकीय भाषा आणि प्रदेश-अभ्यासाला सरकारी पैसा दिला. हे ज्ञान शीतयुद्धाच्या गरजेतून वाढले, हा त्याच्यावरचा आक्षेप आजही घेतला जातो. एडवर्ड सईद यांनी १९७८मध्ये ‘ओरिएंटलिझम’ या ग्रंथात, पूर्वेचे ज्ञान आणि पूर्वेवरची सत्ता यांचा संबंध उघड केला. तो वाद आता या अभ्यासक्रमांतच शिकवला जातो, हे चांगलेच आहे.

भारताचा प्रवास वेगळ्या कारणाने झाला. एप्रिल १९५५मध्ये बांडुंगला आशिया-आफ्रिकेतले नवस्वतंत्र देश एकत्र आले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये ‘इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ सुरू झाले. पं. हृदयनाथ कुंझरू यांचा पुढाकार आणि ए. अप्पादोराय पहिले संचालक. सुरुवातीला तिथे पीएच.डी.चे संशोधनच चाले. १९७०मध्ये ही संस्था जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. आज तिथे पश्चिम आशिया, आफ्रिका, रशिया आणि मध्य आशिया, पूर्व आशिया, दक्षिण आशिया अशी केंद्रे आहेत. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.फिल. आणि पीएच.डी. केली ती याच विद्यापीठातून. मुंबई विद्यापीठातही १९७१पासून आफ्रिका अभ्यास केंद्र आहे.

अशा एम.ए.चा साचा बहुतेक ठिकाणी सारखा असतो. दोन वर्षे, चार सेमिस्टर. पहिल्या वर्षी आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धान्त, आंतरराष्ट्रीय कायदा, जागतिक अर्थकारण आणि संशोधनपद्धती. दुसऱ्या वर्षी निवडलेल्या प्रदेशाचे पेपर आणि अनेक ठिकाणी लघुशोधप्रबंध. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या ‘साइस’सारख्या संस्थेत अर्थशास्त्राच्या जोडीला परकीय भाषेवरचा भर पूर्वापार चालत आला आहे.

भाषेचा आग्रह का, याचे उत्तर इराकने दिले. २००६मध्ये अमेरिकेच्या ‘इराक स्टडी ग्रुप’ने आपल्या अहवालात नोंदवले की बगदादमधल्या हजार माणसांच्या वकिलातीत अरबी बोलणारे ३३ जण होते आणि अस्खलित बोलणारे अवघे सहा. सैन्य, पैसा, तंत्रज्ञान सगळे हाताशी असलेल्या देशाची ही अवस्था. ज्यांच्यावर राज्य चालवायचे, त्यांचे बाजारातले बोलणे आणि मशिदीतले प्रवचन समजणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

महाराष्ट्रात याच्या उलट उदाहरणे आहेत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, चिनी शिकले आणि १९४२मध्ये तिथेच वारले. जखमी सैनिकांशी त्यांच्याच भाषेत बोलणारा हा डॉक्टर चीनमध्ये आजही आदराने आठवला जातो. वसंत परांजपे स्वातंत्र्याच्या सुमारास पेकिंग विद्यापीठात शिकायला गेले, पुढे परराष्ट्र सेवेत आले आणि १९५४मध्ये नेहरूंच्या चीनभेटीत त्यांनी दुभाष्याचे काम केले. दोघांनाही असा तयार अभ्यासक्रम मिळाला नव्हता. आजच्या विद्यार्थ्याला तो मिळतो. शिवाय पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच पदवीच्या काळातच शिकता येते.

या अभ्यासक्रमाचा एक धोका स्पष्ट सांगायला हवा. सात विषय शिकणारा विद्यार्थी सातही विषयांत वरवरचा राहू शकतो. वर्तमानपत्री चर्चा करता येते, पण आकडेवारीचा तक्ता समोर आला की हात थांबतो, मूळ कागद वाचायची वेळ आली की भाषा कमी पडते. यावर उपाय म्हणजे एक प्रदेश, एक भाषा आणि एक पद्धत घट्ट धरणे. पद्धत संख्याशास्त्राची असो, दप्तरखान्याची असो वा मुलाखतींची. तिच्यात दोन वर्षे मुरले की बाकीचे विषय तिच्याभोवती गोळा होतात. प्रवेश घेताना महाविद्यालयाच्या नावापेक्षा तिथे कोणती भाषा कोणत्या पातळीपर्यंत शिकवतात, ग्रंथालयात त्या भाषेतली नियतकालिके येतात का आणि लघुशोधप्रबंध अनिवार्य आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत.

नोकरीचा विचारही रास्त आहे. परराष्ट्र सेवेत निवडलेल्या प्रत्येकाला एक परकीय भाषा शिकावीच लागते, त्यामुळे आधीची तयारी वाया जात नाही. निर्यातदार, जहाज आणि विमा कंपन्या, बँका, वृत्तसंस्था यांनाही एखादा प्रदेश आतून जाणणारा माणूस लागतो. सुएझचा रस्ता कधी सुरळीत होईल, याचा अंदाज बांधणे हे द्राक्षाच्या निर्यातदारासाठी पैशाचे काम आहे.

मराठी विद्यार्थ्याला विषय शोधायला फार लांब जावे लागणार नाही. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात मुंबई इलाख्याचे जुने दप्तर जतन केलेले आहे. त्यात एडनची आणि इराणच्या आखाताची कागदपत्रे आहेत: बंदरातला कोळसा, आसपासच्या जमातींशी झालेले करार, अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार. इंग्रजी कागदांतून दिसणारे एडन आणि तिथल्या अरबांनी स्वतः लिहिलेले एडन ताडून पाहायचे असेल तर अरबी शिकावी लागेल. नाशिक, सांगली, सोलापूरहून आलेल्या दोन-चार विद्यार्थ्यांनी जरी पहिल्या सेमिस्टरला ती घेतली, तर चौथ्या सेमिस्टरला लाल समुद्रावरचे मराठी माणसाने लिहिलेले अव्वल दर्जाचे लघुशोधप्रबंध हातात येतील आणि पुढच्या हंगामात न्हावा शेव्याहून कंटेनर सोडणाऱ्यांना ते मराठीत वाचता येतील.